जातिवंत, उमदा, दमदार : घोड्याच्या थोरवीचा इतिहास आणि खानदेशाची साक्ष

१

पश्चिम खानदेशातील साक्री तालुक्यातून ठेलारी धनगरांचे वाडे पावसाळा सरल्यावर मेंढरे घेऊन बाहेर पडतात, तेव्हा त्यांचे सारे बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. अंथरूण-पांघरूण, भांडी, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि चालू न शकणारी लहान मुले एवढा भार घेऊन ही ठेंगण्या बांध्याची जनावरे महिनोन् महिने वाट तुडवीत असतात. त्यांपैकी थोर घोडा कोणता, असे त्यांच्या मालकांस विचारल्यास त्यांस उत्तर देता येईल. परंतु ते उत्तर कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही.

साक्री तालुक्याच्या दक्षिणेस नाशिक जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातील कवळाणे ह्या गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेला गोपाळराव हा शेतकरी कुटुंबातील मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला व तिसरे सयाजीराव गायकवाड ह्या नावाने प्रसिद्धीस आला. त्याचेच नाव धारण करणारा एक घोडा १९४७ साली इंग्लंडातील पाच अभिजात शर्यतींपैकी सर्वांत जुन्या अशा सेंट लेजर शर्यतीत पहिला आला. ह्या घोड्याचे आईबाप, आजेपणजे, खरेदीची किंमत, धावलेली अंतरे, जिंकलेल्या व हरलेल्या शर्यती आणि पुढील संतती ह्या सर्वांची छापील नोंद उपलब्ध आहे.

ही दोन्ही उदाहरणे एकाच प्रश्नाकडे नेतात. घोड्याची थोरवी कशाने ठरते? ती रक्तात असते, रूपात असते, की धावेत? आणि ज्या घोड्याची नोंदच झाली नाही, त्याच्या थोरवीविषयी इतिहासाने काय म्हणावे? प्रस्तुत निबंधात ह्या प्रश्नाचा विचार प्रथम शब्दांच्या, नंतर दख्खनच्या पागांच्या आणि अखेर शर्यतीच्या मैदानाच्या आधारे केला आहे.

२

मराठीत चांगल्या घोड्यास लावली जाणारी विशेषणे तीन निरनिराळ्या निकषांवर उभी आहेत. 'जातिवंत' हे विशेषण जन्माकडे पाहते. 'अस्सल' हा अरबी मूळ असलेला शब्दही त्याच दिशेने बोट दाखवितो, कारण अरबीत 'अस्ल' म्हणजे मूळ. दुसरे विशेषण 'उमदा'. ज्यावर टेकावे असा आधार, हा त्याचा अरबीतील मूळ अर्थ होय; तेथून तो 'श्रेष्ठ' ह्या अर्थाकडे सरकला, आणि मराठीत येताना बांधा, डौल व स्वभाव ह्या तिन्हींचा एकत्र निर्देश करू लागला. तिसरे विशेषण 'दमदार' अथवा 'दमाचा'. फारसी 'दम' म्हणजे श्वास. दमदार घोडा म्हणजे ज्याचा श्वास पुरतो तो. जन्म, रूप आणि श्वास असे हे तीन निकष होत. आणि पहिल्या दोहोंची पारख बाजारात होऊ शकत असली, तरी तिसऱ्याची पारख केवळ वाटेवरच होते.

घोड्याविषयीच्या मराठी शब्दसंग्रहाची वाटणीही लक्षात घेण्याजोगी आहे. जीन, लगाम, रिकीब, खोगीर, नाल, पागा, शिलेदार, बारगीर हे शब्द फारसी-अरबीतून आले; म्हणजे घोड्यावर स्वार होण्याची आणि स्वारांची फौज बाळगण्याची जी व्यवस्था, तिची परिभाषा राज्यकर्त्यांच्या भाषेतून उतरली. उलट 'शिंगरू' किंवा 'चौखूर' यांसारखे शब्द, म्हणजे पोसणाऱ्याचे आणि पाहणाऱ्याचे शब्द, घरचेच राहिले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडिताने सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यात आले, त्यांत सेनाविषयक शब्दांसाठी चतुरंगवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे. तथापि पागेतील माणसांच्या तोंडी जुनेच शब्द राहिले.

शब्दांपेक्षाही वाक्प्रचार अधिक बोलके आहेत. 'घोडामैदान जवळच आहे' असे म्हणताना मराठी माणूस एक सिद्धांतच सांगतो. बोलण्याने वा दिसण्याने काही सिद्ध होत नाही, कसोटी मैदानावर लागते, हा तो सिद्धांत होय. 'खोगीरभरती' ह्या शब्दात ह्याची दुसरी बाजू आली आहे. खोगीर वरून फुगलेले दिसते, परंतु आत चिंध्या भरलेल्या असतात. 'शर्यत' हा शब्द तर ह्या विषयाच्या गाभ्याशीच भिडतो. त्याचे मूळ अरबी 'शर्त' म्हणजे अट. शर्यत म्हणजे नुसते धावणे नव्हे, तर ठरलेल्या अटींवर धावणे. ह्या अर्थाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

३

दख्खनमध्ये घोड्याची परीक्षा दोन परंपरांनी केली. पहिली परंपरा शास्त्राची. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र, जयदत्ताचे अश्ववैद्यक, आणि कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातील मानसोल्लास ह्या ग्रंथांत घोड्याची लक्षणे व त्याचे शिक्षण यांचा विचार आहे. मानसोल्लासात घोड्यावरील खेळांसाठी 'वाजिवाह्याली' हे स्वतंत्र प्रकरणच येते. ह्या परंपरेत शरीरावरील केसांच्या भोवऱ्यांस, म्हणजे संस्कृतातील 'आवर्तां'स, मोठे स्थान आहे. गळ्यावरील 'देवमण' शुभ, डोळ्यांखालील 'आसूढाळ' अशुभ, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला 'पंचकल्याणी' भाग्याचा, अशी समजूत मराठी मुलखातील बाजारांत आजही ऐकू येते.

ह्या समजुतींस केवळ भोळेपणा म्हणून बाजूस सारणे योग्य होणार नाही. बाजारात उभ्या असलेल्या घोड्याचा दम किती आहे, हे खरेदीदारास कळण्यास मार्ग नसतो. त्याचे आईबाप कोण, हे विकणारा सांगेल तेवढेच. अशा वेळी जे डोळ्यांस दिसते त्यावरच भिस्त ठेवावी लागते. भोवऱ्यांचे शास्त्र हे नोंदीच्या अभावी निर्माण झालेले शास्त्र होय; जी माहिती वंशावळीने द्यावयाची, ती त्यात कातडीवर शोधली जाते.

दुसरी परंपरा पागेची. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, अशी ती चढती रचना होती. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद व एक पखालजी नेमलेला असे. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचा घोडा पडला म्हणजे त्याचे उपजीविकेचे साधनच गेले. अशा स्वाराला एका दौडीत सर्वांच्या पुढे जाणारा घोडा नको होता. मोहीम संपेपर्यंत उभा राहणारा घोडा हवा होता. भीमा नदीच्या काठावरून ज्यास भीमथडी हे नाव मिळाले, तो दख्खनी घोडा ह्या गरजेतून घडला. अरबी रक्ताचा संस्कार त्याच्यावर झाला होता, परंतु त्याचा कस कोरड्या वैरणीवर, खडकाळ वाटेवर आणि लांब पल्ल्यावर लागला.

ह्या कसाचे उत्तम ऐतिहासिक उदाहरण खानदेशाच्या भूमीवरच घडले. १७२७-२८ च्या मोहिमेत पहिल्या बाजीरावाने निजामाच्या जड तोफखान्यास मागे ठेवून खानदेश ओलांडला, गुजरातेत धडक मारली, आणि पुन्हा खानदेशावरून गोदावरीच्या खोऱ्यात उतरून फेब्रुवारी १७२८ मध्ये निजामास पालखेड येथे कोंडले. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. ही मोहीम तोफांनी जिंकली नाही, तर घोड्यांच्या दमाने जिंकली, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. परंतु तिच्यात धावलेल्या हजारो घोड्यांपैकी कोणत्या घोड्याची आई कोण होती, हे सांगणारी एकही वंशावळ नाही. फौजेच्या हजेरीत घोड्याचे वर्णन येई, कारण त्याचा संबंध पगाराशी आणि नुकसानभरपाईशी होता. मात्र पिढ्यान् पिढ्यांची अखंड नोंद ठेवणारी संस्था दख्खनमध्ये उभी राहिली नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली, पागा मोडल्या, आणि ज्या मागणीने हा घोडा घडविला ती मागणीच नाहीशी झाली. इंग्रजी फौजेने आपले घोडे मुंबई बंदरात उतरणाऱ्या अरबी आणि पुढे ऑस्ट्रेलियन जनावरांतून निवडले. भीमथडी घोडा उरला तो मुख्यतः धनगरांच्या वाड्यांत.

४

ज्या काळात मराठी फौजा दख्खन तुडवीत होत्या, त्याच काळात इंग्लंडात घोड्याच्या थोरवीची एक निराळी संस्था आकारास येत होती. बायर्ली टर्क, १७०४ साली इंग्लंडात आणलेला डार्ली अरेबियन, आणि त्यानंतर पाव शतकाने आलेला गोडॉल्फिन अरेबियन ह्या पूर्वेकडून आलेल्या तीन नरांपासून 'थरोब्रेड' जातीच्या पितृशाखा चालत आल्या आहेत. म्हणजे ज्या अरबी रक्ताचा संस्कार भीमथडी घोड्यावर झाला, त्याच रक्तापासून इंग्रजांनीही आपला घोडा घडविला. भेद रक्तात नव्हता, भेद लेखणीत होता. १७९१ साली जेम्स वेदरबी याने थरोब्रेड घोड्यांची सर्वसाधारण वंशावळ प्रथम छापली, आणि तेव्हापासून त्या ग्रंथात ज्याचे आईबाप नोंदलेले आहेत तोच घोडा थरोब्रेड ठरू लागला. जातिवंतपणा हा गुण न राहता दस्तऐवज झाला.

ह्या वंशावळीने एकोणीस-विसाव्या शतकांतील घोडेपैदाशीस दिशा दिली; परंतु तिने थोरवी सिद्ध केली नाही. ते काम शर्यतीचे. अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील मोठ्या शर्यती चार-चार मैलांच्या असत, आणि एकाच दिवसात त्याच घोड्यास दोन-तीन फेऱ्या धावाव्या लागत. १ एप्रिल १७६४ रोजी सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मलेला व त्यावरून 'एक्लिप्स' हे नाव पावलेला घोडा ह्याच काळातला. तो पाचव्या वर्षी प्रथम शर्यतीत उतरला आणि अठरा शर्यतींत एकदाही हरला नाही. आज जगातील बहुसंख्य थरोब्रेड नर पितृपरंपरेने त्याच्यापर्यंत पोहोचतात. १७८९ साली तो मेला, तेव्हा सेनबेल ह्या फ्रेंच पशुवैद्याने त्याच्या शरीराची मोजमापे घेतली. थोरवीचे रहस्य शरीरात सापडेल, हा विश्वास तेव्हापासून शास्त्रात रुजला.

पुढे शर्यतीच्या अटी बदलल्या. १७७६ साली सेंट लेजर, १७८० साली डर्बी, १८०९ साली टू थाउजंड गिनीज, अशा तीन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती सुरू झाल्या. अंतरे आखूड झाली, एकाच धावेत निकाल लागू लागला, आणि दमाइतकेच महत्त्व वेगास आले. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राउस याने वय व महिना पाहून घोड्यावर किती भार ठेवावा याचे कोष्टक सिद्ध केले, आणि निरनिराळ्या वयांच्या घोड्यांची तुलना शक्य झाली. 'शर्यत' ह्या शब्दातील 'शर्त' येथे पूर्णपणे अर्थवती होते. समान अंतर, समान आरंभ आणि ठरविलेला भार ह्या अटींवाचून एका घोड्याने दुसऱ्यास मागे टाकणे ही केवळ घटना असते. अटींमुळे तो पुरावा होतो.

ही संस्था मुंबईमार्गे मराठी मुलखातही आली. भायखळ्याच्या मैदानावरील शर्यती १८८३ साली महालक्ष्मी येथील नव्या मैदानावर आल्या, आणि तेथेच १९४३ साली भारतीय डर्बीची पहिली शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या घोडीचे नाव 'प्रिन्सेस ब्यूटिफुल', आणि तिचे मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड होते.

५

प्रतापसिंहराव हे तिसऱ्या सयाजीरावांचे नातू. त्यांच्या घराण्याचे मूळपुरुष पिलाजी गायकवाड यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सोनगड हा आपला तळ केला. साक्रीहून दहिवेल, कोंडाईबारी घाट आणि नवापूर ओलांडून सुरतेकडे जाणाऱ्या वाटेवरच सोनगड लागतो. दख्खनी तट्टांच्या पाठीवर ज्या घराण्याचा उदय खानदेशाच्या उंबरठ्यावर झाला, त्याच घराण्याने दोन शतकांनंतर इंग्लंडातील घोड्यांच्या बाजारात सर्वांत मोठी बोली लावली.

१९४५ साली 'डान्टे' ह्या घोड्याने इंग्लंडातील डर्बी जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरात डॉनकॅस्टरच्या लिलावात त्याचा सख्खा धाकटा भाऊ विक्रीस आला. बाप 'निआर्को', आई 'रोझी लेजंड'. वय एक वर्ष. मैदानावर त्याने अद्याप पाऊलही टाकलेले नव्हते. प्रतापसिंहरावांनी त्यास २८,००० गिनींस विकत घेतले. तेव्हा एक वर्षाच्या घोड्यास मिळालेली ही विक्रमी किंमत होती. गिनीचे एकवीस शिलिंग आणि रुपयाचा तत्कालीन दर दीड शिलिंग धरल्यास ही रक्कम ३,९२,००० रुपये होते. ही किंमत घोड्याची नव्हती. ती वंशावळीच्या पानाची होती. घोड्यास आजोबांचे नाव देण्यात आले : 'सयाजीराव'.

१९४७ च्या हंगामात ह्या पानाची परीक्षा झाली. एक मैलाच्या टू थाउजंड गिनीजमध्ये 'सयाजीराव' तिसरा आला. त्या दिवशी 'ट्यूडर मिन्स्ट्रेल' ह्या घोड्याने आठ लांबींनी शर्यत जिंकली, आणि विसाव्या शतकातील विलक्षण विजयांत तिची गणना झाली. पुढे दीड मैलाच्या डर्बीत सर्वांनी 'ट्यूडर मिन्स्ट्रेल'वरच पैसा लावला होता. परंतु अंतर वाढले, मैदानाला वळण व उतार होता, आणि तो चौथा आला. पहिला 'पर्ल डायव्हर', दुसरा 'मिगोली', तिसरा पुन्हा 'सयाजीराव'. आठ लांबींनी हरविणाऱ्यास दीड मैलावर त्याने मागे टाकले होते. नंतर त्याने आयर्लंडमधील डर्बी जिंकली. आणि सप्टेंबरात पावणेदोन मैलांहून अधिक लांबीची, म्हणजे सुमारे २,९०० मीटरांची सेंट लेजर शर्यत 'आर्बार' ह्या फ्रेंच घोड्यापेक्षा केवळ एका मस्तकाने पुढे राहून जिंकली. अंतर वाढत गेले तसा हा घोडा वर चढत गेला. मराठीत सांगावयाचे, तर तो दमाचा घोडा ठरला.

मग तो थोर होता काय? येथे भावनेस आवर घालणे आवश्यक आहे. इंग्लंडातील घोड्यांचे गुणांकन करणाऱ्या 'टाइमफॉर्म' ह्या संस्थेने 'ट्यूडर मिन्स्ट्रेल'ला १४४ गुण दिले; तिच्या सबंध इतिहासात ह्याहून अधिक गुण फारच थोड्या घोड्यांच्या वाट्यास आले आहेत. 'सयाजीराव'ला त्या रांगेत कोणी बसविलेले नाही. ह्याचा अर्थ असा, की थोरवीच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. घोडा आपल्या सर्वोत्तम दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या किती वर गेला, हा उंचीचा प्रश्न. आणि किती निरनिराळ्या अंतरांवर, मैदानांवर व परिस्थितींत तो टिकला, हा विस्ताराचा प्रश्न. 'ट्यूडर मिन्स्ट्रेल'जवळ उंची होती, विस्तार नव्हता. 'सयाजीराव'जवळ दोन देशांतील मोठी मैदाने जिंकण्याइतका विस्तार होता, पण ती उंची नव्हती. खरा थोर घोडा तो, ज्याच्याजवळ दोन्ही असतात. अमेरिकेतील 'सेक्रेटेरियट' ह्या घोड्याने १९७३ साली बेलमाँटची दीड मैलाची शर्यत एकतीस लांबींनी व २ मिनिटे २४ सेकंदांत जिंकली. ती वेळ त्या शर्यतीचा विक्रम म्हणून आजही अबाधित आहे. आणि ह्यापूर्वी त्याच उन्हाळ्याच्या आरंभी त्याने दोन आखूड अभिजात शर्यतीही जिंकल्या होत्या. इंग्लंडातील 'फ्रँकेल' २०१० ते २०१२ ह्या काळात चौदा शर्यती धावला व चौदाही जिंकला. आणि एका मैलाचा राजा म्हणून मान्यता पावल्यावर अखेरच्या हंगामात सव्वा मैलावर उतरून त्याने विस्ताराच्या प्रश्नासही उत्तर दिले.

थोरवीची आणखी एक कसोटी संततीची. 'सयाजीराव'ची मुलगी 'ग्लॅडनेस' हिने १९५८ साली ॲस्कटचा अडीच मैलांचा सुवर्णचषक जिंकला, आणि त्याचा मुलगा 'इंडियाना' याने १९६४ साली बापाचीच सेंट लेजर जिंकली. दम पुढील पिढीत उतरला. त्याच मालकाचा 'माय बाबू' १९४८ साली टू थाउजंड गिनीज जिंकणारा, म्हणजे एका मैलाचा घोडा. त्याच्या मुलीच्या पोटी अमेरिकेत 'डमॅस्कस' हा १९६७ सालचा सर्वश्रेष्ठ घोडा जन्मला. 'सेक्रेटेरियट'चेही रक्त मुख्यतः त्याच्या मुलींमार्फतच पुढे गेले. शर्यतीच्या इतिहासात बापांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली जातात; आयांची साक्ष मात्र उशिरा ऐकली जाते.

ह्या वैभवाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदविली आहे. बडोदे संस्थानाच्या खजिन्यातून महाराजांनी काढलेल्या मोठ्या रकमांचा प्रश्न विलीनीकरणाच्या काळात गाजला, आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची राजेपदाची मान्यता काढून घेतली. ज्या सयाजीरावांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, त्यांचे नाव घोड्याच्या गळ्यात बांधून केलेला हा खर्च पाहता, किंमत आणि थोरवी ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे सत्य केवळ घोड्यांपुरते राहत नाही.

६

थोरवीचे मूळ शरीरात कोठे आहे, ह्या सेनबेलच्या प्रश्नास आधुनिक शास्त्राने जे उत्तर दिले, ते मराठी शब्दाच्या आश्चर्यकारक रीतीने जवळ आहे. थरोब्रेड घोड्याचे हृदय शरीराच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे चार ते पाच किलो असते. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारे हे हृदय पूर्ण धावेत सव्वादोनशेच्या पुढे जाते. प्लीहेत साठविलेल्या तांबड्या पेशी धावेच्या आरंभीच रक्तात सोडल्या जातात, आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती वाढते. चौखूर धावताना घोड्याचा श्वास त्याच्या ढांगेशी बांधलेला असतो. एका ढांगेस एकच श्वास. त्यास मध्येच धाप घेता येत नाही. म्हणून ढांग आणि श्वास यांचा मेळ ज्याचा अखेरपर्यंत टिकतो, तो जिंकतो. 'दमाचा घोडा' म्हणणाऱ्या पागेतील माणसास हे आकडे ठाऊक नव्हते. परंतु त्याने बोट योग्य ठिकाणी ठेवले होते.

आनुवंशिकीनेही ह्या प्रश्नाचा एक भाग उकलला आहे. २००९ साली घोड्याच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, आणि २०१० साली स्नायूंची वाढ नियंत्रित करणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाचा घोड्याच्या शर्यतीच्या अंतराशी असलेला संबंध दाखविण्यात आला. ह्या जनुकाच्या एका रूपाची जोडी असलेले घोडे आखूड पल्ल्यास, दुसऱ्या रूपाची जोडी असलेले लांब पल्ल्यास, आणि एकेक रूप असलेले मध्यम पल्ल्यास अनुकूल ठरतात. परंतु हे ज्ञान घोडा कोणत्या अंतराचा हे सांगते. तो थोर आहे काय, हे सांगत नाही. 'डान्टे' आणि 'सयाजीराव' हे सख्खे भाऊ. तरी एकाची गोष्ट दुसऱ्याची गोष्ट झाली नाही. रक्त शक्यता देते, मैदान निकाल देते.

७

खानदेशात आज घोड्यांचा सर्वांत मोठा बाजार भरतो तो तापीच्या काठी सारंगखेड्यास. पूर्वी धुळे जिल्ह्यात असलेले आणि १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून त्यात समाविष्ट असलेले हे गाव एकमुखी दत्ताच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेस, दत्तजयंतीच्या यात्रेत, तेथे दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात. तेथील पारख मुख्यतः उंची, रंग, कानांची ठेवण, भोवरे आणि चाल यांवर होते. नाचणाऱ्या व वरातीत मिरवणाऱ्या घोड्यांस मोठी मागणी असते. हा 'उमदा' ह्या शब्दाचा बाजार आहे. 'दमदार' ह्या शब्दाचा धनी त्या मानाने बाजूस, मेंढरांच्या मागे चालत असतो.

त्या धन्याची दखल मात्र अलीकडे घेतली गेली आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची भारतातील एक स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. पालखेडच्या मोहिमेनंतर सुमारे तीन शतकांनी ह्या घोड्यास सरकारी दप्तरात नाव मिळाले, आणि ते मिळाले मुख्यतः धनगर समाजाने त्यास जिवंत ठेवले म्हणून. तथापि जातीची नोंद ही पहिली पायरी होय. कोणती घोडी कोणत्या घोड्यापासून व्याली, तिचे शिंगरू किती पल्ला चालले, दुष्काळात कोण टिकले, ही माहिती अद्यापि वाड्यांतील वृद्धांच्या स्मरणात आहे. ती लिहून घेण्याचे काम पशुवैद्याइतकेच भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाचेही आहे. कारण ती माहिती ज्या बोलीत आहे त्या बोलीतील घोड्याचे शब्द नाहीसे झाले, तर माहितीही त्यांच्याबरोबर जाईल.

वरील विवेचनातून निष्पन्न होते ते असे. थोर घोड्यास जात लागते, पण जात म्हणजे थोरवी नव्हे. नाहीतर २८,००० गिनींच्या बोलीबरोबरच निकाल लागला असता. त्यास रूप लागते, पण रूप बाजारापुरते. त्यास दम लागतो. आणि तो दम केवळ एका दिवशी, एका अंतरावर नव्हे, तर बदलत्या अटींवर, तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांसमोर आणि शक्य तर पुढील पिढीतही दिसावा लागतो. परंतु ह्या सर्वांवर एक चौथी गोष्ट आहे, आणि ती घोड्याजवळ नसून माणसाजवळ आहे. ती म्हणजे साक्ष. साक्षीवाचून थोरवी असू शकते, पण ती सिद्ध होत नाही. 'सयाजीराव' एका मस्तकाने जिंकला, हे आज सांगता येते, कारण कोणीतरी ते मस्तक मोजले. बाजीरावाच्या फौजेसह खानदेश दोनदा ओलांडून गोदावरीपर्यंत उभा राहिलेला कोणी एक भीमथडी घोडा त्याच्याहून थोर नव्हता, असे म्हणण्यास आधार नाही. होता, असे म्हणण्यासही नाही. त्याचे मैदान झाले, नोंद झाली नाही.

साक्रीच्या वाटेने ह्या वर्षीही वाडे बाहेर पडतील. त्यांच्या पुढे चालणाऱ्या घोडीचे आईबाप कोण, हे विचारून लिहून ठेवणारा एखादा अभ्यासक त्या वाटेवर उभा असेल, तर पुढील शतकातील इतिहासकारास हा निबंध वेगळ्या रीतीने संपविता येईल.